मेदूवड्याच्या भोकात बसलेला आयन

अगं, तुझा लांबलचक मेसेज वाचला. व्हॉर्टेक्स पल्स, म्हणजे लेझरचा क्षणभराचा झोत, पण मधे भोक असलेला मेदूवडा आणि वर स्क्रूच्या आट्यासारखा पीळ, असला प्रकाश कशावरही मारला की काहीतरी भन्नाट होणारच, असं तू धरून चाललीयेस. थांब जरा.

मीही पहिल्या वर्षी तेच धरून चाललो होतो, दोन महिने साध्या गॅसवर पिळलेला लेझर मारत बसलो आणि सिग्नल आला नेहमीच्या बीमसारखाच, उगाच डिटेक्टरला शिव्या घातल्या. अणू नॅनोमीटरच्या दहाव्या भागाएवढा, आपला मेदूवडा कितीही फोकस केला तरी मायक्रॉनच्या घरात. गोल घुमटावर चढलेल्या मुंगीला घुमट दिसतो का? अणूला कळतं ते बसल्या जागेचं फील्ड, म्हणजे प्रकाशाचं विद्युतक्षेत्र, आणि ते आजूबाजूला किती झपाट्यानं बदलतंय, बास.

म्हणून जर्मनीतल्या माइन्झचा 2016 चा प्रयोग आधी वाच. एकच कॅल्शियम आयन ट्रॅपमध्ये धरला आणि 729 नॅनोमीटरच्या बीमच्या बरोब्बर भोकात बसवला, जिथे उजेडच नाही. तरी इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर गेला! कारण ते ट्रान्झिशन, म्हणजे ती उडी, क्वाड्रुपोल जातीची, त्याला नुसतं फील्ड नाही, फील्डचा उतार लागतो, आणि भोकात फील्ड शून्य असलं तरी उतार असतोच. एकाच फोटॉनकडून कोनीय संवेगाची, म्हणजे फिरकीची, दोन एककं मिळाली, एक पोलरायझेशनचं, एक पिळाचं. मला आजही हे वाचून मजा वाटते.

कण मोठा असेल तर गोष्टच वेगळी, 1995 मध्ये ब्रिस्बेनला कॉपर ऑक्साइडचे काळे कण असल्या बीममध्ये गरागरा फिरले, पीळ उलटा केला की तेही उलटे.

आणि पल्स म्हणतेस तर हेही बघ, 800 नॅनोमीटरच्या 10 फेमटोसेकंदाच्या इवल्याशा पल्समध्ये साधारण 94 नॅनोमीटर रुंदीचे रंग असतात आणि स्पायरल फेज प्लेट, म्हणजे पीळ देणारी काच, एकाच रंगासाठी कापलेली असते, म्हणजे बाकीच्या रंगांना पीळ अर्धवटच बसतो, हे लोक सोयीस्कर विसरतात.

अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) व्हॉर्टेक्सवर बरीच वर्षं काम झालंय, तिथे अर्ज कर. कुठेही गेलीस तरी पहिला महिना कॅमेऱ्यावर नुसतं भोक बघ, दुहेरी पिळाचं भोक अलाइनमेंट जरा हललं की फुटून दोन होतात. फोटो पाठव, पण सॅच्युरेट झालेला, जास्त उजेडानं पांढरा पडलेला, नको.