तुलना करण्याआधी कोण आत आहे ते बघ

नाशिक

सप्रेम नमस्कार,

तुरुंग शिक्षेसाठी की सुधारणेसाठी, या तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. पहिल्याच पानावर तक्ता आहे: सुटल्यावर पुन्हा गुन्ह्याकडे वळणारे नॉर्वेत २० टक्के, अमेरिकेत ७६.६. तो तक्ता आधी काढ.

दोन्ही आकडे खरे आहेत, पण एकाच मापाने मोजलेले नाहीत. नॉर्वेचा आकडा दोन वर्षांत पुन्हा शिक्षा झालेल्यांचा. अमेरिकेचा, ३० राज्यांतून २००५ साली सुटलेल्यांपैकी पाच वर्षांत पुन्हा नुसती अटक झालेल्यांचा. त्याच अमेरिकन माणसांत पुन्हा दोषी ठरलेले ५५.४ टक्के आणि पुन्हा तुरुंगवासाची शिक्षा झालेले २८.२. माप बदललं की दरी केवढी आटते बघ. शिवाय नॉर्वेत बऱ्याच शिक्षा जेमतेम काही महिन्यांच्या असतात. दारू पिऊन गाडी चालवणाराही त्या हिशेबात येतो. म्हणून अटक, दोषसिद्धी आणि पुन्हा कैद असे तीन रकाने वेगळे कर आणि प्रत्येकापुढे मुदत लिही.

नॉर्वेकडून घ्यायचं ते तिथल्या हाल्डन तुरुंगाच्या देखण्या खोल्यांत नाही. तिथले शिक्षक, डॉक्टर, ग्रंथपाल तुरुंग खात्याचे नोकर नसतात; गावाला जी यंत्रणा सेवा देते, तीच आत येते. त्यामुळे सुटल्यावर माणसाची त्या यंत्रणेशी असलेली ओळख तुटत नाही. आपल्याकडे याच्या जवळचं उदाहरण म्हणजे मुक्त विद्यापीठ. ते तर याच शहरात आहे आणि कैदी त्याची पदवी घेतात. त्यावर एक प्रकरण होईल. जपानवर एक परिच्छेद पुरे: कडक शिस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या देशाने १ जून २०२५पासून सक्तमजुरीची वेगळी शिक्षाच रद्द केली.

आता आपलं. 'भारत: शिक्षाप्रधान' असं एका शब्दात उरकलंयस, ते चालणार नाही. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातले सुमारे ७६ टक्के बंदी कच्चे कैदी होते. त्यांना शिक्षाच झालेली नाही, मग शिक्षा की सुधारणा हा प्रश्न त्यांच्यापुरता उठतच नाही. सक्तीचं काम नाही, माफीचे दिवस (शिक्षेत मिळणारी सूट) नाहीत, फर्लो (शिक्षा भोगताना मिळणारी रजा) नाही. नाशिकरोडच्या तुरुंगात गणेशमूर्ती घडतात, सुतारकाम चालतं. ते मुख्यतः पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यांचं जग. सुधारणेचे कार्यक्रम थोड्यांना आणि गर्दी सगळ्यांना, अशी ही विभागणी आहे.

इथे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ नीट वाच. आधी कधीच दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की बंधपत्रावर सुटका. इतरांना निम्मा काळ, तेव्हा जामीन. मुदत भरली की न्यायालयाला लेखी कळवायचं काम कारागृह अधीक्षकाचं. अडतं कुठे? फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा असेल तर कलम लागत नाही. एकाहून जास्त प्रकरणं प्रलंबित असली तरी नाही, आणि किरकोळ चोऱ्यांतल्या पोरांवर तीन-चार केसेस असतातच. जामीन मंजूर झाला तरी ऐपतदार जामीनदार कुठून आणायचा?

पक्क्यांचंही असंच. फर्लोच्या नियमांत ठेवून घ्यायला तयार असलेला नातेवाईक लागतो आणि पोलिसांचा अहवाल विरोधात गेला तर अर्ज बारगळतो. ज्याचं घर तुटलंय त्याला कागदावरची सुधारणावादी तरतूद उपयोगी पडत नाही. (येरवड्यात २०२२ साली सुरू झालेली कैद्यांसाठीची कर्जयोजना, ५० हजारांपर्यंत, ७ टक्के व्याजाने, मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. कर्ज बंद्याच्या नावावर, पण घराच्या गरजेसाठी.)

बंद्यांच्या मुलाखतींना पुण्याच्या कारागृह मुख्यालयाची लेखी परवानगी लागेल. अर्जासोबत प्रश्नावली आणि मार्गदर्शकाचं पत्र जोड. उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नकोस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कच्च्या कैद्यांच्या आढावा समितीपुढे किती प्रकरणं येतात ते विचार. आणि महिनाभर सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात बसून एवढंच टिप: जामीन मंजूर कधी झाला आणि माणूस प्रत्यक्ष बाहेर कधी आला.