स्पर्धेसाठी जुन्या फियाटमध्ये अल्टरनेटर, डिस्क ब्रेक बसवले तर गुण जातात का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांची 1957 ची डुक्कर फियाट तुम्हाला क्लासिक गाड्यांच्या स्पर्धेत उतरवायची आहे. मेकॅनिक म्हणतोय अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं नव्या पद्धतीचं यंत्र), पुढे डिस्क ब्रेक आणि इलेक्ट्रिक पेट्रोल पंप बसवून टाकू, आणि तुम्हाला गुणांची धास्ती आहे.

गुण जातात. पण त्याहून मोठं नुकसान कशाने होतं ते सांगतो, कारण मी ते सोसलंय.

माझ्याकडे वडिलांची 1956 ची फियाट आहे. रात्री हेडलाइट मिणमिणायचे, म्हणून मी एका गॅरेजमध्ये रिले, म्हणजे दिव्यांना बॅटरीतून थेट वीज देणारे स्विच, बसवून घेतले. उजेड छान पडला. पुढे स्पर्धेच्या आधी रिले काढले, वायरिंग पूर्ववत केलं. परीक्षकांनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि इंजिनमागच्या पत्र्यावर बोट ठेवलं. तिथे स्क्रूची दोन भोकं होती, कडेला उघडा पत्रा चमकत होता. वस्तू निघाली, भोकं तशीच राहिली. त्याच गॅरेजने सीटचं मूळ रेक्झिन मला न विचारता भंगारात दिलं होतं. त्या पोताचं रेक्झिन मला अजून सापडलेलं नाही, आणि ही हळहळ गुणांपेक्षा फार मोठी आहे.

म्हणून माझा नियम असा: जे एका दुपारी पान्याने काढून मूळ वस्तू परत लावता येईल, तेवढंच बसवायचं. ड्रिल, कटर, वेल्डिंग लागत असेल तर हात जोडायचे.

अल्टरनेटर या नियमात बसू शकतो, मूळ ब्रॅकेट न कापता लागला तर. मूळचा डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जुनं यंत्र) आणि त्याचं चार्जिंग सांभाळणारा कटआउट फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी लावून ठेवा आणि स्पर्धेच्या आठवड्यात परत चढवा. पण आधी डायनॅमोचे कार्बन ब्रश बदलून, ते ब्रश ज्यावर घासतात तो कम्युटेटर साफ करून पाहा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

डिस्क ब्रेक मात्र नको. या गाडीचे ड्रम ब्रेक नीट असले तर ताशी 60 च्या वेगाला पुरतात. अडचण ड्रमची नसतेच. रबरी होज आतून फुगलेले असतात, व्हील सिलिंडर गंजलेले असतात, लायनर तेलकट झालेले असतात. एकच मास्टर सिलिंडर चारही चाकांना ब्रेक देतो, त्यामुळे इथे पैसे वाचवू नका. होज नवे घाला, सिलिंडरना स्लीव्ह मारून, म्हणजे आतून नवी नळी बसवून घ्या. बाहेरून काहीच दिसत नाही आणि गाडी सरळ थांबते.

पंपाचं म्हणाल तर मे महिन्यात खंबाटकी चढताना पेट्रोलची वाफ होऊन एअर लॉक होतोच, म्हणजे पेट्रोल पुढे जात नाही आणि गाडी बंद पडते. आपल्याकडे गाडीच्या मूळ पंपावर ओलं फडकं ठेवतात, मीही तेच करतो. स्पर्धेला जायला तेवढं बस्स आहे, इलेक्ट्रिक पंप नको.

परीक्षक कसे बघतात तेही ध्यानात घ्या. अँटिक ऑटोमोबाईल क्लब ऑफ अमेरिकेच्या पद्धतीत 400 गुणांपासून सुरुवात होते आणि चूक दिसेल तसे गुण कापतात. शोरूमने ग्राहकाला दिली तेव्हा गाडी जशी असेल तशी ती हवी, एवढीच कसोटी. कारखान्याने दिला त्याहून चकचकीत रंग दिलात तर जादा गुण नाहीत. सीट बेल्टसारख्या सुरक्षेच्या वस्तूंना तिथे सूट आहे. आपल्याकडे प्रत्येक स्पर्धेची नियमावली वेगळी असते, ती आधी मागवून घ्या आणि जे बदललंय ते फॉर्मवर स्वतःहून लिहा. विचारल्यावर कबूल करण्यात फार कमीपणा वाटतो.

रंगाला तर हातच लावू नका, तो मूळचा असेल तर. 2024 मध्ये अमेरिकेतल्या पेबल बीचच्या क्लासिक गाड्यांच्या स्पर्धेत सर्वोच्च मान 1934 च्या बुगाटी टाइप 59 स्पोर्ट्सला मिळाला. ती नव्याने रंगवून सजवलेली नव्हती, जुन्या अंगाने जपलेली होती. 1950 पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेत अशा गाडीला हा मान पहिल्यांदाच मिळाला. तो फोटो मी गॅरेजमध्ये लावलाय.

तुमच्या गाडीचं रेक्झिन मूळचं आहे का, ते आजच बघा. असेल तर मेकॅनिककडे गाडी सोडण्याआधी सीटा काढून घरी आणून ठेवा.