स्टॅम्पर वाकतोय? पीएचच्या मागे लागण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या शेडमध्ये सल्फामेट निकेलचा बाथ आहे, म्हणजे विजेनं निकेलचा थर चढवायचं द्रावण. सकाळी ४.० असलेला पीएच संध्याकाळी ४.४ होतो, म्हणून रोज पातळ सल्फ्युरिक घातलं जातं. आता मदरवरून (ज्यावर थर चढवतात तो मूळ साचा) सोडवला की स्टॅम्पर, म्हणजे तयार झालेला निकेलचा पातळ साचा, वाकतोय, वर बारीक खड्डेही दिसतायत.

पीएच हळूहळू चढणं हा आजार नव्हे. अ‍ॅनोडवर (निकेल पुरवणारा धन ध्रुव) निकेल जवळपास शंभर टक्के विरघळतं, पण कॅथोडवर (थर चढतो तो ऋण ध्रुव) थोडा करंट हायड्रोजन सोडण्यात जातो. तेवढं अ‍ॅसिड रोज संपणारच. उलट पीएच आपोआप उतरू लागला तर घाबरा. मग अ‍ॅनोड पॅसिव्ह झालाय, म्हणजे नीट विरघळत नाही, निकेलऐवजी सल्फामेटच ऑक्सिडाइज होतंय, आणि त्यातला गंधक थरात शिरून स्टॅम्पर ठिसूळ होतो. निकेल ठेवायची बास्केट रिकामी, तिच्यावरची पिशवी चोंदलेली किंवा क्लोराइड कमी, बहुतेक वेळा यांतलंच काहीतरी असतं. अ‍ॅनोडला गंधकयुक्त निकेलच्या चकत्या, म्हणजे एस-राउंडच वापरा आणि बास्केट काठोकाठ भरलेली ठेवा.

सल्फ्युरिक मात्र आजच बंद करा. सल्फेट बाथमध्ये साठतच जातं आणि थरातला ताण वाढवतं, त्यानंच स्टॅम्पर वाकतो. सल्फामिक अ‍ॅसिड वापरा. एक लिटर बाथ बीकरमध्ये घेऊन पीएच ४.० व्हायला किती लागतं ते मोजा, टाकीच्या लिटरनं गुणा. त्यातलं निम्मंच डीआय (क्षारमुक्त) पाण्यात विरघळवून घाला, पंप अर्धा तास फिरू द्या, मग पुन्हा मोजा. पावडर थेट टाकीत नको.

वाकण्याचं दुसरं मोठं कारण हीटर. बाथ ५० अंशांवर दिसतो, पण पंप बंद असताना हीटर चालू राहिला तर त्याच्याजवळचं द्रावण ६० च्या वर जातं आणि सल्फामेट फुटून अमोनियम व सल्फेट बनतं. अमोनियम काढायला सोपी युक्ती नाही. म्हणून पंप चालू नसेल तर हीटर लागणारच नाही असं इंटरलॉक करून घ्या.

खड्ड्यांसाठी आधी वेटिंग एजंट (पृष्ठताण कमी करणारं रसायन) बघा. पृष्ठताण ३० ते ३५ डाइन प्रति सें.मी. हवा. मग टाकीवरचं झाकण. आजूबाजूला फाउंड्री असतील तर लोखंडाची धूळ बाथमध्ये पडते, पीएच चढला की तिचा गाळ होतो आणि तोच थरात बसतो. तांबं-जस्त काढायला पन्हाळीदार पत्रा लावून ०.२ ते ०.५ अँपिअर प्रति चौ. डेसीमीटरवर डमी चालवा, म्हणजे त्या टाकाऊ पत्र्यावरच ही अशुद्धी चढू द्या. तेलकटपणा असेल तर कार्बन ट्रीटमेंट (सक्रिय कोळशानं बाथ साफ करणं), पण कार्बन वेटिंग एजंटही ओढून घेतो, तो नंतर नव्यानं घाला.

आठवड्याला टायट्रेशन: निकेल ७५ ते ९०, बोरिक अ‍ॅसिड ३५ ते ४० ग्रॅम प्रति लिटर. थंडीत रात्री टाकी गार झाली की बोरिकचे खडे तळाशी बसतात, सकाळचं सॅम्पल कमी दाखवतं. बाथ तापवून, ढवळून मगच सॅम्पल घ्या.

शेवटी सल्फेट आणि अमोनियम लॅबमधून तपासा. जास्त निघाले तर एक तृतीयांश बाथ काढून नवं द्रावण भरा. काढलेलं निकेल नाल्यात सोडू नका, ते पंचगंगेत जातं. परवानाधारक प्रक्रियावाल्याकडेच द्या.