सासूबाईंची ट्रंक

प्रश्न : आमच्या सासूबाई १९६२ साली, जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा, पहिल्याच सभागृहात होत्या. आमच्या तालुक्यातून गेलेल्या त्या एकट्याच बाई. मागच्या वर्षी त्या गेल्या. माळ्यावरच्या ट्रंकेत भाषणांची टिपणं, मानपत्रं, फोटो, लोकांचे अर्ज, एसटीची तिकिटं, घरखर्चाच्या मोडीतल्या वह्या आणि मामंजींची पत्रं निघाली. भावोजी म्हणतात, भाषणं आणि फोटो ठेवू, बाकी रद्दीत घालू. संविधान सभेतल्या हंसा मेहतांचे कागद दिल्लीला जपून ठेवलेत असं वाचलं. पण त्या केवढ्या मोठ्या! आमच्याकडच्या कागदांना कोण विचारणार?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : ताई, रद्दीवाल्याला एवढ्यात बोलावू नका. आणि भावोजींनी जे ठेवायचं म्हटलंय, त्याच्या नेमकी उलट बाजू आधी सांभाळा.

हंसाबाईंचंच घ्या. १८९७ चा जन्म, वडील मनुभाई मेहता बडोद्याचे दिवाण. जीवराज मेहतांशी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं. १९३० च्या सत्याग्रहात मुंबईत परदेशी कापडाच्या दुकानांपुढे उभ्या राहिल्या, तुरुंगात गेल्या. १९३७ मध्ये राखीव जागा नको म्हणून सर्वसाधारण जागेवरून लढल्या आणि मुंबई विधिमंडळात आल्या. पुढे संविधान सभा, मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाचं आणि नंतर बडोद्याच्या विद्यापीठाचं कुलगुरुपद. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर एलिनॉर रूझवेल्ट यांच्याबरोबर त्या होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारा इंग्रजी शब्द होता, तो बदलून ‘सर्व मानव’ असा शब्द यावा म्हणून त्या अडून बसल्या. १९४८ चा जाहीरनामा आज त्याच शब्दांत आहे.

आता बघा, संविधान सभेतली त्यांची भाषणं छापील कार्यवृत्तात आहेत. घरचे सगळे कागद जळून गेले असते तरी ती राहिलीच असती. दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातल्या संग्रहात त्यांचे कागद ठेवले, त्याचं मोल वेगळं आहे. भाषणाला उभं राहण्याआधी कोणाला काय लिहिलं, कुठल्या मसुद्यावर खल झाला, हे सभागृहाच्या नोंदीत येत नाही. ते फाइलीतच मिळतं.

१४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री सरोजिनी नायडू हजर नव्हत्या, म्हणून स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज हंसाबाईंनी सभागृहाला दिला. त्या वेळी त्यांच्या हातात शंभराच्या आसपास स्त्रियांच्या नावांची यादी होती. ध्वजाचं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. मला मात्र ती यादी फार जवळची वाटते. यादीमुळेच कळतं की त्या एकट्या आल्या नव्हत्या.

तुमच्या सासूबाईंचे ठराव जिल्हा परिषदेच्या इतिवृत्तात सापडतील, सत्काराचा फोटो आणखी कोणाच्या अल्बममध्ये असेल. घरखर्चाची वही मात्र जगात एकच आहे. एसटीची तिकिटंही तशीच. सभेच्या दिवशी किती वाजता घर सोडलं, मुक्काम पडला का, त्या आठवड्यात स्वयंपाकाला कोणाला पैसे दिले, ‘विहिरीला मोटर’ मागणारा अर्ज कुठल्या वाडीतून आला, हे त्यातूनच जुळवता येतं.

मी एकतीस वर्षं दप्तरखान्यात काढली. एकदा एका आमदार बाईंच्या घरून बोचकं आलं. घरच्यांनी फार प्रेमाने आवरून, निवडून दिलेलं. उघडलं तर चाळीस मानपत्रं आणि हारांतले फोटो. बाईंचं स्वतःचं अक्षर एका चिठोऱ्यावरसुद्धा नव्हतं. विचारलं तर म्हणाले, ‘किरकोळ होतं ते टाकलं.’ त्या दिवशीचं वाईट वाटणं अजून गेलेलं नाही, म्हणून तुम्हाला इतकं कळकळीने लिहितेय.

आता काय करायचं ते सांगते. काहीही हलवण्याआधी ट्रंकेचा आहे तसा फोटो काढा. जो गठ्ठा ज्यात होता त्यातच राहू द्या. तारखेप्रमाणे लावायला बसू नका. त्यांनी अर्ज आणि किराण्याची यादी एकत्र बांधली असेल, तर तसं बांधण्यालाही काही कारण असेल. गंजलेल्या टाचण्या आणि रबरं हलक्या हाताने काढा. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. कसर दिसली तरी उन्हात टाकू नका, सावलीत वारं लागू द्या. मग धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. पेशवे दप्तरातले कागद असेच रुमालात बांधलेले असतात. फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, आणि ती सांगू शकणारी गावातली म्हातारी माणसं आहेत तोवर लिहा. या कामाला उशीर नको. वह्यांसाठी मोडी वाचणारं माणूस पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात विचारलंत तर मिळेल.

कागद कोणाला द्यायचे ते सावकाश ठरवा. मुंबईत स्त्रियांच्या आठवणी आणि कागद जपणारी ‘स्पॅरो’ ही संस्था आहे, एसएनडीटीत स्त्री-अभ्यास केंद्र आहे. दोन्हीकडे पत्र घाला. द्याल तेव्हा एकेक वस्तूची यादी करून त्यावर सही घ्या.

राहिली मामंजींची पत्रं. ती वाचायला संकोच वाटत असेल तर वाचू नका, पण जाळूही नका. वेगळ्या लिफाफ्यात घाला, वर ‘अमुक सालापर्यंत उघडू नये’ असं लिहा आणि संस्थेकडून तशी अट लेखी घ्या. साल ठरवताना नणंदांना विचारा. पत्रं त्यांच्याही आईवडिलांची आहेत.