एक्स-फाइल्सवरचे गेम खेळण्यासारखे आहेत का? सुरुवात कुठून करू?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय, "ज्यात मल्डर किंवा स्कली होऊन खेळता येतं असाच गेम सांगा." हेच माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, १९९९च्या दिवाळीत आमच्या डोंबिवलीच्या घरात ऐकवलं होतं, म्हणून लिहायला बसलो. (मल्डर-स्कली म्हणजे 'द एक्स-फाइल्स' या अमेरिकन टीव्ही मालिकेतले, गूढ प्रकरणांचा छडा लावणारे एफबीआयचे दोन एजंट.)

१९९८चा 'द एक्स-फाइल्स गेम' पीसीवर सात सीड्यांचा होता. सात! मी तो सीडी लायब्ररीतून आणला होता, वीस रुपये रोज, वर दोनशे डिपॉझिट. सगळा गेम म्हणजे खऱ्या नटांचं शूटिंग. मल्डर-स्कली बेपत्ता होतात आणि त्यांना शोधायचं काम एफबीआयच्या सिॲटल ऑफिसातल्या क्रेग विलमोरच्या, म्हणजे आपल्या, गळ्यात पडतं. मल्डर-स्कलीचं काम करणारे ड्युकोव्हनी आणि अँडरसन दिसतात, पण थोडाच वेळ.

दादा शेजारी बसून चकल्या मोडत होता. एव्हरेटच्या गोदामात रक्ताचा डाग आणि बंदुकीची गोळी शोधत मी अर्धा तास कर्सर फिरवला, तेवढ्यात त्याने निकाल दिला: "मल्डर नाही तर कसली एक्स-फाइल्स? हा पिक्चर आहे पिक्चर, मध्येमध्ये माऊस दाबायचा!" मग तेलकट बोटांनी सहावी सीडी उचलून उजेडात धरली, आणि तशीच उघडी टेबलावर टाकली.

चार दिवसांनी मी सहाव्या सीडीपर्यंत पोचलो. ड्राइव्ह घरघरला आणि गेम जागच्या जागी थिजला. टूथपेस्ट चोळून झाली, बनियनने पुसून झालं, खालच्या मजल्यावरच्या काकांच्या कॉम्प्युटरवर लावून झालं. लायब्ररीवाल्याने माझंच डिपॉझिट कापलं. दादा आजही म्हणतो, सीडीवर आधीपासून चरे होते. शेवट मी बघितला तो थेट २०११मध्ये, यूट्यूबवर.

दोनशे रुपये गेले ते गेले, पण दादाचा मुद्दाच चुकीचा होता. विलमोरला काळं तेल (मालिकेतला, माणसाच्या अंगात शिरून त्याचा ताबा घेणारा परग्रहावरचा पदार्थ) म्हणजे काय हे माहीत नसतं. आपल्याला असतं. तो निवांतपणे पुढे पुढे जातो आणि इथे खुर्चीत आपल्याला घाम फुटतो. ही गंमत मल्डर होऊन मिळूच शकत नाही, कारण मल्डरला आधीच सगळ्याचा संशय असतो.

दादाच्या मनासारखा गेम नंतर आलाच. २००४, प्लेस्टेशन २, 'रेझिस्ट ऑर सर्व्ह'. मल्डर घ्या नाहीतर स्कली घ्या, आवाज त्याच दोघांचे, लेखकसुद्धा मालिकेतलाच, थॉमस श्नॉझ. आणि एवढं सगळं जमवून ते दोघं करतात काय, तर कोलोरॅडोतल्या रेड फॉल्स गावात झॉम्बींना गोळ्या घालतात. सरळसरळ 'रेसिडेंट ईव्हिल' या झॉम्बींच्या गेमची नक्कल. मागे वळायचं म्हटलं तरी रणगाडा वळवल्यासारखं वाटतं. तुमच्या अटीत बसणारा हाच, खेळा बापडे.

१९९७चं 'अनरिस्ट्रिक्टेड ॲक्सेस' मात्र गेम समजून घेऊ नका, तो नुसता माहितीकोश आहे.

माझं ऐकणार असाल तर आधी तिसऱ्या सीझनमधले 'पायपर मारू' आणि 'अपोक्रिफा' हे काळ्या तेलाचे दोन भाग बघा आणि मग १९९८चा गेम लावा. हो, आजच्या विंडोजवर तो चालवताना नाकी नऊ येतात. विलमोरचं काम करणारा नट बऱ्याच ठिकाणी लाकडासारखा उभा असतो. आणि एखादी बारीकशी वस्तू नजरेतून सुटली की तासभर त्याच खोलीत घिरट्या घालाव्या लागतात. माऊस दाबण्याबद्दल दादा अगदीच खोटं बोलत नव्हता, एवढं कबूल.

'रेझिस्ट ऑर सर्व्ह'चे तीन भाग आहेत. दादाने तो हौसेने विकत घेतला होता, पण तिसऱ्या भागापर्यंत तो कधी पोचलाच नाही. हे तो आपणहून सांगत नाही, मलाच वहिनीकडून कळलं.