जर्मनीतली रिव्हर क्रूझ: बुकिंगआधी एजंटला हे विचाराच

आई-बाबांना घेऊन (सत्तरीचे, बाबांचे गुडघे कुरकुरतात) जर्मनीत आठ दिवसांची क्रूझ करावी का, किल्ले खरंच दिसतात की नुसतं बोटीत बसून खात राहायचं, असं विचारलंय तुम्ही. मी दोनदा जाऊन आलेय, पहिल्यांदा चांगलाच हात पोळला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ब्रोशरवर जे फोटो असतात ना, नदी, द्राक्षाचे मळे आणि वर किल्ला, ते बहुतेक सगळे एकाच पट्ट्यातले. रुडेसहाइमपासून कोब्लेन्झपर्यंतची ऱ्हाइन, जेमतेम 65 किमी, 2002 पासून युनेस्कोच्या यादीत. दोन्ही काठ धरून चाळीसेक किल्ले तरी असतील. अ‍ॅम्स्टरडॅम ते बाझल अशा आठ दिवसांच्या ट्रिपमध्ये हा भाग येतो फक्त चार-पाच तास, आणि या बोटी रात्रीही चालतात! म्हणून एजंटला पहिला प्रश्न हा, की बोट हा पट्टा उजेडात पार करते का, आणि किती वाजता. बाल्कनी, वायफाय, वाइन वगैरे नंतर.

दुसरा प्रश्न, पाणी कमी झालं तर काय करणार. आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो ते ऑगस्ट 2022 मध्ये, त्या वर्षी तिकडे दुष्काळ, आणि काउब गावाजवळच्या मापपट्टीवर आकडा 40 सेंमीच्याही खाली गेलेला. (ही नदीची खोली नव्हे, बोटींच्या वाटेवर पाणी त्याहून मीटरभर जास्त असतं, पण मालवाहू बार्जवाले काय नि क्रूझवाले काय, सगळे तोच आकडा बघत बसतात, आपण पावसाळ्यात खडकवासल्याचा विसर्ग बघतो तसं.) आमची बोट किल्ल्यांच्या पट्ट्याआधीच थांबली आणि आम्हाला बसमध्ये घातलं. ज्याच्यासाठी एवढे पैसे भरले ते किल्ले बसच्या खिडकीतून, तेही सासरे झोपलेले असताना. भरपाई म्हणून काय, तर पुढच्या ट्रिपवर सवलतीचं कूपन. मे-जून बघा, तेव्हा आल्प्समधला बर्फ वितळून सहसा बरं पाणी असतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर जरा जुगारच.

आता किल्ल्यांचं. राजगड-रायगड चढलेल्या माणसाला हे छोटेच वाटतात, आणि निम्मे-अधिक तर पडझड झालेले होते, त्यातले काही 19व्या शतकात प्रशियाच्या राजघराण्यातल्या लोकांनी हौसेने पुन्हा उभे केले, राइनश्टाइन, श्टोल्झेनफेल्स हे त्यातलेच. एक मात्र बघाच, काउबसमोर नदीच्या मधोमध खडकावर उभा असलेला फाल्त्सग्राफेनश्टाइन. पांढरा, लांबून एखादं जहाजच नांगरून ठेवल्यासारखा. हा 14व्या शतकातला जकातनाका! नदीवर साखळी ताणायची, पैसे टाकल्याशिवाय बोट पुढे नाही. ऱ्हाइनवर किल्ल्यांची एवढी गर्दी कशामुळे, तर बरीचशी या जकातीमुळे. ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग कधीच उद्ध्वस्त झाला नाही, आत जुनी मुदपाकखाना-चूल सगळं दाखवतात, पण सुरुवातीलाच कातळात खोदलेल्या ओबडधोबड पायऱ्या आहेत, बाबांना तो बोटीतूनच दाखवा.

दुसऱ्यांदा आम्ही दोघंच गेलो तेव्हा क्रूझ घेतलीच नाही. कोब्लेन्झला हॉटेल, आणि सकाळी केडी कंपनीची साधी दिवसाची बोट पकडली, तिकीट काढायचं, डेकवर खुर्ची धरायची. रुडेसहाइमकडे जाताना प्रवाहाविरुद्ध, सहाएक तास लागतात, उलट दिशेला चारच. आम्ही मुद्दाम हळू जाणारीच घेतली आणि परत ट्रेनने आलो. कंटाळा आला तर मध्ये बॉप्पार्ड किंवा बाखाराखला उतरायचं, लाकडी चौकटींची जुनी घरं बघत कॉफी प्यायची, पुढची बोट धरायची. बोटी उन्हाळी सीझनमध्येच चालतात तेवढं लक्षात ठेवा. आणि हॉटेलची खोली रुळांकडेची घेऊ नका, दोन्ही काठांनी रेल्वे आहे, मालगाड्या रात्रभर धडधडतात.

तुमच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, तीन रात्री कोब्लेन्झ, एक अख्खा दिवस बोट. तरी मोठी क्रूझच हवी असेल तर तीही वाईट नाही, बॅग एकदाच उघडायची आणि नदीत बोट हलतच नाही म्हटलं तरी चालेल, सासूबाईंना एसटीत मळमळतं पण तिथे काही नाही. फक्त सगळ्यात खालच्या मजल्याची केबिन नको, खिडकी पाण्यालगत असते आणि बहुधा उघडत नाही. बाल्कनीवर जास्त पैसे घालवण्याआधी हेही ऐका, धक्क्यावर बोटी एकमेकींना चिकटून लावतात, पडदा सारला की समोर दुसऱ्या बोटीतले आजोबा दात घासताना. व्हेजचं बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, मासे चालत नाहीत हे वेगळं सांगा. मेतकूट असू द्या सोबत.

आणि काठावर मोठ्या आकड्यांचे किलोमीटरचे बोर्ड दिसतील, ते कॉन्स्टान्झच्या पुलापासून मोजलेत. बाबांना सांगा, 546 च्या आसपास तो जकातनाका, 554 ला लोरेलायचा, म्हणजे दंतकथेतला तो प्रसिद्ध कडा. आमचे सासरे बोट थांबेपर्यंत डेकवर बसून आकडेच वाचत होते, आणि हे दोन्ही बसमध्ये हुकले याचं अजून ऐकवतात.