अंगणातल्या बार्बेक्यूसाठी कोणत्या ब्रिकेट घ्याव्यात?

गुहागरच्या घरी मागच्या अंगणात मासे आणि चिकन भाजायचं आहे, तर 'नॅचरल' म्हणून मिळणाऱ्या कोळशाच्या ब्रिकेटपैकी, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या वड्यांपैकी, कोणत्या घ्यायच्या, असं तुम्ही विचारलंय. मी दापोलीकडचा. आमच्याकडे शेगडी पावसाळा सोडला तर सारखी पेटलेली असते. माझं मत विचाराल तर नारळाच्या करवंटीच्या ब्रिकेट घ्या. मात्र पिशवीवरच्या 'नॅचरल' शब्दावर जाऊ नका, तो कुणीही छापतो. कशापासून बनवलंय आणि कशाने बांधलंय, हे दोन प्रश्न विचारा.

आपल्याकडे नुसतं 'ब्रिकेट' म्हटलं की बरेचदा व्हाइट कोल दाखवतात. लाकडाचा भुसा, शेंगांची टरफलं वगैरे दाबून केलेले ते तपकिरी, जाड ओंडके बॉयलरसाठी असतात. त्यांचा कोळसा झालेलाच नसतो, त्यामुळे धूर प्रचंड होतो. त्यावर बांगडा ठेवलात तर धुराचीच चव लागेल. दुसरी गोष्ट काजूच्या टरफलांची. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ती भरपूर, म्हणून स्वस्त. पण ओले काजूगर काढताना हात उततात ते ज्या तेलाने, तेच तेल त्या टरफलांत असतं आणि त्याचा धूर डोळ्यांना, घशाला झोंबतो. खाण्याच्या शेगडीत ती नकोतच.

करवंटीच्या ब्रिकेटमध्ये करवंटी कमी हवेत जाळून कोळसा करतात, तो दळतात, थोडी खळ घालून दाबतात आणि वाळवतात. खळ टॅपिओका किंवा मक्याच्या स्टार्चची असली की उत्तम. स्वस्त मालात माती, चुना नाहीतर दगडी कोळशाची भुकटी मिसळलेली असते. ते ओळखायला एक वडी हातात घेऊन मोडा. आतपर्यंत एकसारखी काळी हवी, मातकट कण दिसता कामा नयेत. मग दुसरी पाण्यात टाका. स्टार्चची असेल तर काही वेळात विरघळल्यासारखी सुटते. शेवटी एक पूर्ण जाळून बघा. गंधकाचा वास आला तर दगडी कोळसा आहे, आणि राखेचा ढीग उरला तर तुम्ही मातीचे पैसे दिलेत. चांगल्या करवंटीची राख मूठभरसुद्धा होत नाही.

काडी लावताच पेटणाऱ्या ब्रिकेट आणि हुक्क्याच्या झटपट पेटणाऱ्या गोळ्या घेऊच नका. त्यांत पेटायला रसायन घातलेलं असतं.

आता माशांबद्दल. सुरमईच्या तुकडीला, बांगड्याला दहा-बारा मिनिटांची कडक धग लागते. त्यासाठी लाकडी कोळसाही चालतो, तो लवकर फुलतो. पण पारंपरिक भट्टीत किलोभर कोळशाला चार ते सहा किलो लाकूड जातं आणि कोकणातल्या कितीतरी टेकड्या या भट्ट्यांनी बोडक्या केल्या. दारात करवंट्यांचा ढीग पडलेला असताना ऐन-किंजळाची झाडं कशाला जाळायची? मला हे मनापासून टोचतं. अख्खी कोंबडी असेल तर ब्रिकेटच हव्यात, कारण त्या दोन तास तरी एकसारख्या जळतात. निखारे एका बाजूला सारा, कोंबडी दुसऱ्या बाजूला ठेवा आणि झाकण लावा.

पाच-सहा माणसांना साधारण दोन किलो पुरतात. मोठी पोती आधीच घेऊन ठेवू नका. आपल्या दमट हवेत कोळसा पाणी ओढतो, मग पेटायला वेळ लावतो आणि तडतडतो. उघड्यावर ठेवलेलं पोतं तर घेऊच नका, वजनात पाणीही विकत घ्याल. घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून वर ठेवा.

पेटवायला रॉकेल नको, त्याचा वास माशाला लागतो. चिमणी स्टार्टर, म्हणजे कोळसा पेटवायचा पत्र्याचा उभा डबा, असेल तर खाली कागद नाहीतर नारळाची सुकी सोडणं घाला. वीसेक मिनिटांत वड्यांवर राखाडी थर चढतो. तो चढल्याशिवाय काही भाजायला ठेवू नका.

आणि पाऊस आला म्हणून पेटती शेगडी घरात किंवा बंद पडवीत नेऊ नका. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. राख पाणी ओतून पूर्ण विझवूनच माडाच्या आळ्यात टाका.